शकुंतला, जिनिंग आणि आपली क्वेरी : ट्रिनोला क्लाऊड वेअरहाऊसशी जोडताना मी खाल्लेला मार

(पॉडकास्टच्या ताज्या भागाची ही लिखित प्रत. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे. फक्त 'म्हणजे', 'म्हणजे' थोडे कमी केलेत.)

बोलतोय अमरावतीहून. बाहेर पाऊस सुरू आहे, त्यामुळे मधेमधे पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. 'दादा, आमच्या ऑफिसात थोडा डेटा पोस्टग्रेसमध्ये आहे, थोडा बिगक्वेरीत आहे. दोन्ही एका क्वेरीत कसे जोडायचे?' तर आजचा भाग त्यावर. जोडायचं कसं ते सांगतोच, त्याला फार वेळ लागत नाही. जोडल्यानंतर माझं काय झालं, ते जास्त सांगणार आहे. कारण जोडणी दहा मिनिटांत झाली आणि तिचं बिल चार दिवसांनी कळलं.

[01:20] आधी, हे इंजिन म्हणजे काय

डिस्ट्रिब्युटेड क्वेरी इंजिन हा शब्द मोठा आहे, गोष्ट आपल्या ओळखीची आहे. कपाशीची वेचणी डोळ्यांसमोर आणा. एक मुकादम असतो, तो वेचत नाही. तो वावर बघतो आणि सांगतो की ही पात तू धर, ती पात तू धर. वेचणाऱ्या बाया आपापली पात वेचतात आणि शेवटी सगळा कापूस एका जागी येतो.

ट्रिनोमध्ये मुकादमाला कोऑर्डिनेटर म्हणतात, वेचणाऱ्यांना वर्कर आणि पातीला स्प्लिट. तुम्ही एसक्यूएल लिहिता, कोऑर्डिनेटर त्याचे तुकडे पाडतो, वर्कर एकाच वेळी तुकडे वाचतात.

महत्त्वाची गोष्ट ही की ट्रिनोचं स्वतःचं वावर नाही. तो डेटा साठवत नाही. डेटा दुसऱ्याकडे असतो, पोस्टग्रेसमध्ये, फायलींमध्ये, बिगक्वेरीत, स्नोफ्लेकमध्ये. ट्रिनो तिथे जाऊन वाचतो. तिथे जायचा जो रस्ता, त्याला कनेक्टर म्हणायचं.

थोडा इतिहास. 2012 मध्ये फेसबुकमध्ये हे काम सुरू झालं, तेव्हा नाव होतं प्रेस्टो. त्यांचं वेअरहाऊस 300 पेटाबाइटच्या घरात गेलं होतं आणि हाइव्हवर एका उत्तराची वाट बघत बसावं लागायचं. 2013 मध्ये प्रेस्टो सगळ्यांसाठी खुलं झालं. पुढे मूळ बनवणारे बाहेर पडले, 2019 मध्ये त्यांनी प्रेस्टोएसक्यूएल म्हणून वेगळी वाट धरली आणि 2020 च्या डिसेंबरात त्याचं नाव ट्रिनो झालं. ॲमेझॉनची अथेना कोणी वापरली असेल, तर त्याच घराण्याचं इंजिन तुम्ही वापरलंय.

[04:05] आमचं काम काय होतं

मी एका छोट्या टीममध्ये काम करतो. आम्ही वऱ्हाडातल्या काही शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी डेटाचं काम करतो. सोयाबीन, तूर, कापूस. त्यांचा रोजचा एकच प्रश्न असतो, आणि तो संध्याकाळी येतो. एका कंपनीचे अध्यक्ष आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांचा फोन असा :

'उद्या माल अमरावतीले आणू का अकोल्याले नेऊ, तेवढं सांग ना बाप्पा.'

अमरावती ते अकोला शंभरेक किलोमीटर. डिझेल, हमाली, गाडीभाडं धरा. क्विंटलमागे शंभर रुपये जास्त मिळाले तरी परवडेलच असं नाही. त्यात 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता 4892 रुपये आणि बाजारात बऱ्याच ठिकाणी दर त्याच्या खाली होते. अशा वेळी चुकीच्या यार्डात गाडी नेली तर भुर्दंड शेतकऱ्याला. म्हणून आम्ही रोज संध्याकाळी एक मेसेज पाठवायचो : आवक किती, दर कुठे किती, उद्या पाऊस आहे का.

या मेसेजसाठी दोन ठिकाणचा डेटा लागायचा. कंपन्यांच्या गोदामातल्या नोंदी आमच्या पोस्टग्रेसमध्ये. बाजारभावाचा आणि हवामान केंद्रांचा अनेक वर्षांचा इतिहास बिगक्वेरीत. तो आमचा नव्हता, एका सहयोगी संस्थेने आम्हाला बघायला दिला होता. त्यांनी मूळ टेबल दिलं नाही, व्ह्यू दिला. हा 'व्ह्यू' शब्द लक्षात ठेवा, सगळी कथा तिथेच आहे.

[06:30] जोडणी

आता पटपट सांगतो. ट्रिनोच्या ईटीसी फोल्डरमध्ये कॅटलॉग नावाचं फोल्डर असतं. त्यात प्रत्येक डेटासोर्ससाठी एक प्रॉपर्टीज फाईल. बिगक्वेरीच्या फाईलमध्ये मुख्य ओळी तीनच. कनेक्टरचं नाव बिगक्वेरी, प्रोजेक्ट आयडी आणि सर्व्हिस अकाऊंटच्या जेसन किल्लीचा पत्ता. ट्रिनो रीस्टार्ट करा, 'शो कॅटलॉग्ज' म्हणा, नाव दिसलं की झालं.

अडकायच्या जागा चार आहेत.

पहिली, परवानगी. सर्व्हिस अकाऊंटला डेटा बघायची परवानगी वेगळी आणि रीड सेशन उघडायची वेगळी. ट्रिनो स्टोरेज एपीआयने वाचतो, म्हणजे बिगक्वेरीच्या गोदामाच्या मागच्या दाराने, एकाच वेळी अनेक प्रवाहांत. त्या दाराची किल्ली नसेल तर टेबलांची यादी दिसते, पण सिलेक्ट केलं की एरर.

दुसरी, जेव्हीएमची सेटिंग. डेटा ॲरो फॉरमॅटमध्ये आणायचा असेल तर जेव्हीएम कॉन्फिगमध्ये जादा सेटिंग लागतं. डॉक्युमेंटेशनमधून जशीच्या तशी उचला, हाताने टाईप करू नका.

तिसरी, नावं. ट्रिनो सगळी नावं लहान अक्षरांत धरतो. बिगक्वेरीत कोणी टेबलाच्या नावात कॅपिटल अक्षर घातलं असेल तर 'टेबल सापडत नाही' म्हणेल आणि तुम्ही तासभर डोकं खाजवाल. केस-इनसेन्सिटिव्ह नेम मॅचिंग म्हणून सेटिंग आहे, ते चालू करा.

चौथी, वेळ. बिगक्वेरीतला टाइमस्टॅम्प यूटीसीत येतो. आपण साडेपाच तास पुढे. हंगामात गाड्या पहाटे चारला यार्डाच्या गेटवर लागतात. ती नोंद यूटीसीत आदल्या दिवशीची होते. तुम्ही तारखेप्रमाणे ग्रुप बाय केलं की पहाटेची सगळी आवक कालच्या खात्यात. एरर येत नाही, उत्तर चुकतं. म्हणून आधी वेळ एशिया-कोलकात्यात बदला, मग तारीख काढा.

असाच गुपचूप चुकणारा प्रकार जॉइनमध्येही आहे. अमरावतीचं इंग्रजी स्पेलिंग आमच्याच फायलींमध्ये तीन तऱ्हांचं होतं. इंग्रजांच्या काळातलं आणखी निराळं. नावावर जॉइन केला तर ओळी गळतात आणि कोणी सांगत नाही. सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला कोड आहे. जॉइन त्या कोडवर करा.

[10:15] दिवाळी

आता माझी गोष्ट. सहयोगी संस्थेने व्ह्यू दिला होता आणि ट्रिनोचा बिगक्वेरी कनेक्टर व्ह्यू आपोआप वाचत नाही. 'व्ह्यूज एनेबल्ड' असं सेटिंग आहे, ते मुळात बंद असतं. मी ते चालू केलं. तात्पुरता डेटा ठेवायला आमच्या प्रोजेक्टमधला एक डेटासेट दिला. क्वेरी चालली, आकडे आले, मी खूश.

मुळात बंद असलेलं सेटिंग बंद का ठेवलंय, हे मी विचारलं नाही. ही माझी पहिली चूक.

झालं असं. स्टोरेज एपीआयला व्ह्यू वाचता येत नाही, कारण व्ह्यूमध्ये डेटा नसतो, फक्त एसक्यूएल असतं. मग कनेक्टर काय करतो? आधी बिगक्वेरीला सांगतो की हा व्ह्यू चालव आणि निकाल एका तात्पुरत्या टेबलात टाक. मग ते टेबल वाचतो. हे चालवण्याचे पैसे बिगक्वेरी तुमच्याकडून घेते, जितके बाइट वाचले तितके.

आणि मेख अशी. मी क्वेरीत लिहिलं होतं, 'जिल्हा अमरावती किंवा अकोला, तारीख कालची.' मला वाटलं, तेवढंच वाचलं जाईल. पण व्ह्यूचं तात्पुरतं टेबल करताना तो फिल्टर लावायचा की नाही, याचंही वेगळं सेटिंग आहे आणि तेही मुळात बंद. म्हणजे दरवेळी सगळ्या वर्षांचा, सगळ्या जिल्ह्यांचा डेटा वाचला जात होता आणि मग ट्रिनो त्यातून दोन जिल्हे वेचून घेत होता.

हिशेब सांगतो. डॅशबोर्डवर आठ तक्ते. प्रत्येकाचे कॉलम वेगळे, म्हणून प्रत्येकासाठी वेगळं तात्पुरतं टेबल. ते 15 मिनिटं कॅशमध्ये राहतं, नंतर पुन्हा नवं. म्हणजे तासाला चारदा. आठ गुणिले चार गुणिले चोवीस, दिवसाला 768 वेळा. दरवेळी सरासरी 8 जीबी. दिवसाचे 6 टीबी.

दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस चार दिवस बंद होतं. भिंतीवरचा टीव्ही चालू राहिला, त्यावर डॅशबोर्ड उघडा, आपोआप रिफ्रेश होत. कोणी बघणारं नाही. मी घरी चकल्या खातोय आणि टीव्ही एकटाच 24 टीबी वाचतोय.

टीबीला सव्वासहा डॉलर धरा, हा अमेरिकेतल्या रिजनचा दर आहे, रिजनप्रमाणे बदलतो. झाले दीडशे डॉलर. साडेबारा-तेरा हजार रुपये. पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या कंपनीत कोणी ढुंकून बघणार नाही. आमच्याकडे तो एका पार्टटाइम पोराचा महिन्याचा पगार होता.

बजेट अलर्ट होता की! मेल आला होता. पण दिवाळीत मेल कोण बघतं? आणि बजेट अलर्ट फक्त सांगतो, थांबवत नाही. हे नीट ऐका, थांबवत नाही.

सुट्टीनंतर दादांनी, म्हणजे आमच्या टीमच्या मोठ्या माणसांनी, बिल बघितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, 'आधी बंद कर, मग शोध.' मी कॅटलॉगची फाईलच काढून टाकली.

डॅशबोर्ड बंद झाला, तसा मेसेजही बंद झाला. बाजार समिती सुट्टीनंतर उघडली होती, आवक तुफान. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन :

'काल मेसेज काहून नाही आला? मी गाडी अकोल्याले धाडली. अमरावतीत दर बरा होता म्हणते लोकं.'

मी काय बोलणार? 'काका, आमचं सिस्टिम बंद होतं.' ते म्हणाले, 'बरं बरं, होते असं.' फोन ठेवला. त्यांनी रागावून चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. बिलाचा आकडा मी विसरेन, ते 'बरं बरं' नाही विसरणार.

[15:40] मूर्तिजापूरची गोष्ट

त्या रात्री मला आमचे आबाजी आठवले. ते मूर्तिजापूरचे. शकुंतला माहीत आहे ना? यवतमाळ-मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर-अचलपूर, अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर काढायला चालवलेली. आता बंद आहे. मूर्तिजापूरला मुंबईकडे जाणारी मुख्य लाईन, ती ब्रॉडगेज. छोट्या गाडीचा डबा त्या रुळांवर जात नाही. म्हणजे माल उतरवा, परत चढवा. आबाजी त्या हमालीच्या गोष्टी सांगायचे. म्हणायचे, एक गाठ दोनदा उचलायची म्हणजे पाठीचे दोनदा पैसे व्हायला पाहिजेत, मिळायचे एकदाच.

कनेक्टर म्हणजे मूर्तिजापूरचा तो प्लॅटफॉर्म. दोन वेगळ्या रुळांच्या मध्ये माल इकडून तिकडे करण्याची जागा. तिथे किती माल उचलायला लागतो, त्यावर खर्च ठरतो.

आणि आपल्या लोकांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. म्हणून तर यवतमाळ, अचलपूर, खामगाव, अकोला, सगळीकडे जिनिंग-प्रेसिंग उभ्या राहिल्या. कापसातली रुई साधारण एक तृतीयांश, बाकी सगळी सरकी. सरकीसकट कापूस मुंबईला कोण नेईल? गावाजवळच सरकी काढा, रुईच्या गाठी दाबा आणि मग गाडीत चढवा.

डेटाच्या भाषेत याला पुशडाऊन म्हणतात. फिल्टर, कॉलमनिवड, बेरीज-सरासरी, जे काही डेटाच्या घरीच करता येतं ते तिथेच करून घ्या आणि रुई तेवढी आणा. मी काय केलं होतं? सरकी, पाला, माती सगळं गाडीत भरून आणलं, आणि वर ते दिवसाला 768 वेळा.

[18:50] दुरुस्ती काय केली

एक. एक्सप्लेन वाचायला शिकलो. क्वेरीच्या आधी एक्सप्लेन लावा. ट्रिनो सांगतो की कोणतं काम टेबलस्कॅनमध्येच गेलं आणि कोणतं तो स्वतः वर बसून करतोय. प्लॅनमध्ये स्कॅनच्या वर फिल्टर किंवा ॲग्रिगेट वेगळं दिसलं की समजा, जिनिंग इथे चाललंय, तिकडे नाही. प्रत्येक कनेक्टरचं वेगळं असतं. पोस्टग्रेसचा कनेक्टर बरीच ग्रुप बाय खाली ढकलतो, दुसरा ढकलेलच असं नाही. आणि माझ्या केसमध्ये एक्सप्लेनच्या जोडीला बिगक्वेरीची जॉब हिस्टरी बघायला हवी होती. व्ह्यू चालवण्याचं काम तिथे झालं, पैसे तिथे लागले, तो आकडाही तिथेच होता.

दोन. व्ह्यू थेट डॅशबोर्डला लावणं बंद. आता रोज संध्याकाळी सातला बिगक्वेरीतच एक शेड्युल्ड क्वेरी चालते. ती तारीख आणि जिल्ह्याचा फिल्टर लावून आम्हाला हवा तेवढा सारांश आमच्या स्वतःच्या टेबलात टाकते, काहीशे ओळी. ट्रिनो ते छोटं टेबल वाचतो आणि पोस्टग्रेसमधल्या गोदामाच्या नोंदींशी जोडतो. 768 च्या जागी दिवसातून एकदा.

तीन. मधेच कोणाला वेगळा प्रश्न पडला तर कनेक्टरमध्ये 'क्वेरी' नावाचं टेबल फंक्शन आहे. त्यात बिगक्वेरीच्या भाषेतलं एसक्यूएल जसंच्या तसं द्यायचं. ते तिकडे चालतं, निकाल तेवढा इकडे येतो. जड ग्रुप बाय असेल तर मी हेच वापरतो.

चार. कुलूप. अलर्टवर विसंबू नका. बिगक्वेरीत प्रोजेक्टला रोजचा कोटा लावता येतो, तो संपला की क्वेरी चालतच नाही. एका क्वेरीला जास्तीत जास्त किती बाइटचं बिल चालेल, तेही ठरवता येतं. टेबल तुमचं असेल तर तारखेचं पार्टिशन करा आणि पार्टिशन फिल्टर सक्तीचा करा. मग कोणी फिल्टर विसरला तर बिल न येता एरर येते. एरर परवडते.

स्नोफ्लेकवाल्यांसाठी थोडंसं. ट्रिनोत स्नोफ्लेकचा कनेक्टर 2024 पासून आहे. तिथे पैसे बाइटचे नाहीत, वेअरहाऊस किती वेळ जागं राहिलं त्याचे. जागं केलं की कमीत कमी 60 सेकंदांचं बिल. म्हणजे दर पाच मिनिटांनी रिफ्रेश होणारा टीव्ही त्याला झोपूच देत नाही. रोग वेगळा, औषध तेच.

[23:10] मग ट्रिनो कशाला?

हा प्रश्न दादांनीच विचारला. सगळं काम बिगक्वेरीतच करायचं तर मधे हा मुकादम कशाला? प्रश्न बरोबर आहे. तुमचा सगळा डेटा एकाच ठिकाणी असेल तर ट्रिनो लावू नका. उगाच एक सर्व्हर सांभाळत बसाल.

आमच्याकडे दोन घरं आहेत आणि दोन्ही एक होणार नाहीत. शेतकऱ्यांच्या गोदामातल्या नोंदी बाहेर द्यायला कंपन्यांची तयारी नाही आणि मला ते पटतं. कोणाकडे किती माल पडून आहे, हे व्यापाऱ्याला कळलं तर भावाचं काय होईल? ते पोस्टग्रेसमध्येच राहणार. बाजारभावाचा इतिहास बिगक्वेरीत राहणार. शेवटची छोटी गाठ मारायला ट्रिनो. तेवढंच काम द्या, तो छान करतो.

[25:00] घरी करून बघा

खूप जण विचारतात, दादा, पैसे न लावता शिकायचं कसं? लॅपटॉपवर डॉकर असेल तर ट्रिनोची अधिकृत इमेज एका कमांडने उभी राहते. त्यात टीपीसीएच नावाचा सरावाचा कॅटलॉग आधीच असतो. एक्सप्लेन तिथेच वाचायला शिका. बिगक्वेरीचा सँडबॉक्स क्रेडिट कार्डाशिवाय मिळतो, महिन्याला 1 टीबीपर्यंत क्वेरी फुकट. क्वेरी लिहिली की चालवायच्या आधीच किती डेटा वाचला जाईल ते कोपऱ्यात दिसतं. ती सवय डोळ्यांना लावून घ्या. आणि गंमत बघा, तिथे साध्या टेबलावर शेवटी 'लिमिट 10' लावून बघा. आकडा कमी होत नाही. दहा ओळी दाखवायलाही तो पूर्ण कॉलम वाचतो. हे मला दिवाळीच्या आधी माहीत असतं तर!

मेसेज तिसऱ्या दिवशी परत सुरू झाला. संध्याकाळी सव्वासातला काकांना फोन केला, 'काका, मेसेज आला का?' म्हणाले, 'आला. पण आता आमचं सोयाबीन संपलं. तुरीचा टाकत जाय.'

तर आता तुरीचा टाकतो.

आज इथेच थांबू. तुमच्याकडे असा बिलाचा किस्सा असेल तर आवाजी मेसेज करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि सुट्टीवर जाताना ऑफिसातला टीव्ही बंद करून जा. येतो मंडळी!